भोपळ्याची रोपं थंडी-पावसात बसतात तेव्हा: औषधाआधी काय तपासायचं

मांढरदेवची यात्रा होते त्या सुमारास आमच्याकडे भोपळ्याची रोपं ट्रेमधून वाफ्यावर येतात, आणि त्याच पंधरवड्यात एकदा तरी आभाळ भरून येतं. दोन दिवस भुरभुर होते, मग आभाळ फाटतं, रात्री पारा दहाच्या खाली उतरतो. तिसऱ्या दिवशी सकाळी शेतात गेलं की काल ताठ असलेली रोपं बसलेली दिसतात. वाई तालुक्यात, धोम धरणाच्या खालच्या अंगाला, मी नऊ हंगाम मोठ्या जातीचा भोपळा लावतोय. हा बिघाड माझ्या आणि आजूबाजूच्या शेतांत मी पुन्हा पुन्हा निस्तरलाय. दर वेळी शेतकरी आधी औषधाच्या दुकानात गेलेला असतो. बहुतेक वेळा औषधाची गरजच नसते, किंवा आणलेलं औषध त्या रोगावर चालणारं नसतं.

काय दिसतं ते आधी नीट बघा

"रोपं मेली" एवढ्यावर काही ठरवता येत नाही. खालच्यापैकी नेमकं काय दिसतंय, ते वाफ्याशी बसून पाहा.

बी टाकून बारा दिवस झाले तरी उगवण नाही.

रोप उगवलं, पण जमिनीलगत देठ मऊ, पाणचट झाला आणि रोप आडवं पडलं. वरची पानं त्या वेळी हिरवीच असतात.

जमिनीलगत देठ तपकिरी, कोरडा, दोऱ्यासारखा बारीक झालाय आणि वारं आलं की रोप तिथंच मोडतं.

रोप उभं आहे, पण पिवळट पडलंय. खरं पान निघायचं थांबलंय आणि आठ दिवसांत वाढ दिसत नाही.

माती ओली असूनही दुपारी रोप माना टाकतं, संध्याकाळी पुन्हा उठतं.

पानाच्या कडा पांढरट, पापडासारख्या झाल्यात.

पहिल्या दोन जाड पानांना, म्हणजे बीजदलांना, भोकं पडलीत.

नवं पान अरुंद, पिळवटलेलं, शिरा एकमेकींजवळ आलेल्या, पंख्याच्या घडीसारखं.

पहिली पाच लक्षणं जवळजवळ नेहमी गार आणि ओल्या मातीची असतात. शेवटच्या तिन्हींची कारणं वेगळी आहेत. त्यांना मी खाली येतोच, पण ती आधी ओळखून बाजूला काढली नाहीत तर बाकीची सगळी मेहनत चुकीच्या जागी होते.

थंडी संपल्यावरच का लावत नाही?

हा प्रश्न मला दर वर्षी ऐकू येतो. घरच्या डांगराला उशीर चालतो. मोठ्या जातीला चालत नाही. कॅनडातल्या नोव्हा स्कॉशिया प्रांतातल्या विंडसर गावच्या हॉवर्ड डिल यांनी वाढवलेली अटलांटिक जायंट ही जात बी टाकल्यापासून तोडणीपर्यंत चार महिने, कधी थोडे जास्त दिवस घेते. २०२३ साली कॅलिफोर्नियातल्या हाफ मून बे इथं मिनेसोटातल्या एका बागकाम शिक्षकानं १,२४७ किलोचं फळ वजनकाट्यावर ठेवलं. मिनेसोटात उन्हाळ्याचे दिवस लांब आणि हवा सौम्य असते. आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा ३५ च्या वर गेला की मादी फुलं गळतात आणि परागही नीट काम करत नाही. त्यामुळे फळधारणा मार्चच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत व्हावी लागते, आणि जून उजाडायच्या आत फळ घरात यावं लागतं. हा हिशेब मागे मोजत आणला की बी जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात येऊन पडतं, म्हणजे थंडीच्या तोंडातच. माझं आजवरचं सगळ्यात मोठं फळ ६८ किलोचं आहे. ज्या वर्षी ते मिळालं त्या वर्षी बी ६ जानेवारीला टाकलं होतं.

तिकडच्या लोकांनाही हाच त्रास असतो. त्यांचा वसंत गार आणि ओला असतो, म्हणून ते एप्रिलच्या शेवटी बी घरातच उबेला लावतात. मे महिन्यात रोपावर छोटी प्लास्टिकची घरं उभी करतात, काही जण मातीत विजेवर तापणाऱ्या तारा घालतात. त्यांचे दिवस वेगळे आणि आपले वेगळे, पण रोपाची गरज एकच: मूळ उबदार आणि मोकळ्या हवेत असावं.

मूठभर माती (खर्च काही नाही)

सगळ्यात आधी हे करा. रोपापासून चार बोटं लांब, बोटभर खोलीवरची माती काढा आणि मुठीत दाबा. पाणी निथळलं किंवा तळहात चिखलानं माखला तर माती जास्त ओली आहे. गोळा झाला, आणि अंगठ्यानं टोचल्यावर भुगा होऊन सुटला, तर वाफसा आहे. गोळा होतच नसेल तर कोरडी आहे. पण थंडीत कोरड्या मातीनं बसलेलं रोप मी नऊ वर्षांत दोनदाच पाहिलंय.

वाफशाला एवढं महत्त्व का, तर मूळ श्वास घेतं. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्यानं भरल्या की मुळाला प्राणवायू मिळत नाही आणि ते पाणी ओढायचं थांबवतं. म्हणून ओल्या जमिनीत रोप दुपारी माना टाकतं. शेतकऱ्याला वाटतं तहान लागलीय, आणि तो आणखी पाणी देतो. माझ्या पहिल्या हंगामात मी हेच केलं आणि चौदापैकी अकरा रोपं घालवली. आमचे तात्या बांधावर उभे होते. ते म्हणाले, "वाफसा हाय का बघ आधी, मग पाण्याचं बोल." तेव्हापासून मूठ दाबल्याशिवाय मी व्हॉल्व्ह उघडत नाही.

माती जास्त ओली असेल तर पाणी बंद करा. किती दिवस, ते पुन्हा मूठच सांगेल. काळ्या रानात आभाळ असताना सहा-सात दिवसही लागतात. वाफ्याच्या खालच्या टोकाला कुदळीनं चर काढून तुंबलेलं पाणी वाट करून सोडा. वरचा पापुद्रा खुरप्यानं हलक्या हातानं फोडा, मात्र रोपाच्या बुंध्यापासून वीतभर लांब राहूनच, कारण भोपळ्याची मुळं उथळ पसरतात आणि तुटलेली त्याला सोसत नाहीत. निम्म्याहून जास्त शेतांत काम इथंच संपतं. चार-पाच दिवसांत रोप रंग धरतं.

उगवलं नसेल तर बी उकरून बघा

एक-दोन जागा बोटानं उकरा. बी सापडलंच नाही आणि जागी तिरकं भोक किंवा टरफलाचे तुकडे असतील तर उंदीर. भोपळ्याचं बी त्याला फार आवडतं. बी सापडलं, पण दाबल्यावर आतून पांढरा लगदा निघाला, वास आला, तर सडलं. बी घट्ट आहे, टरफल शाबूत आहे, तर ते फक्त थंडीनं थांबलंय. त्याला ऊब हवी.

मातीचं तापमान ३० अंशांच्या आसपास असेल तर हे बी चार-पाच दिवसांत उगवतं. २० अंशांना त्याला दुप्पट दिवस लागतात. १५ च्या खाली ते जवळजवळ हलतच नाही, आणि जितके दिवस ओल्या मातीत पडून राहील तितकी त्याला सडवणाऱ्या बुरशीला संधी मिळते. म्हणून मोठ्या जातीचं महागडं बी मी जमिनीत टाकतच नाही. टरफल जाड असतं, म्हणून कानशीनं बाजूच्या कडा हलक्या घासतो. टोक मात्र सोडतो, कारण कोंब तिथून निघतो. मग चार-पाच तास कोमट पाण्यात भिजवून ओलसर कापडात गुंडाळतो आणि डबा चुलीच्या वरच्या फळीवर ठेवतो. ज्यांच्याकडे चूल नाही त्यांना फ्रिजच्या मागची उबदार जागा चालते. मोड दिसला की ट्रेमध्ये. ट्रेसाठी कोकोपीट भिजवलं की मुठीत घट्ट पिळून घ्या. ठिबकणारं कोकोपीट म्हणजे ट्रेमधला चिखलच.

पाणी कधीचं आणि कुठलं

माती वाफशावर आहे, तरी रोप पिवळं आहे, तर हे बघा. याला पैसा लागत नाही, फक्त सवय बदलावी लागते.

थंडीत पहाटे विहिरीवर गेलात तर पाण्यावर वाफ दिसते. जमिनीच्या पोटातलं पाणी हवेपेक्षा गरम असतं, म्हणून. तेच पाणी रात्री उघड्या हौदात साठवून सकाळी सातला सोडलं तर ते बर्फासारखं गार होऊन मुळाशी पोचतं. लाइट रात्रीची असते म्हणून हौद भरून ठेवावा लागतो हे मला माहीत आहे. माझंही तसंच आहे. पण हौद भरला तरी पाणी सोडायचं ते सकाळी दहानंतर, हौदावर ऊन पडून गेल्यावर. दुपारी तीननंतर द्यायचं नाही, कारण संध्याकाळी दिलेलं पाणी रात्रभर बुंध्याशी गार आणि ओलं राहतं.

मोजही बघा. ताशी ४ लिटरच्या ड्रिपरमधून दहा मिनिटांत साधारण ६५० ते ७०० मिली पाणी पडतं. थंडीत दोन-तीन पानांच्या रोपाला तेवढं दोन-तीन दिवसाआड पुष्कळ झालं. शेजारच्या उसाच्या हिशेबानं तास-तासभर ड्रिप चालवलेली रोपं मी पाहिलीत. एकाच व्हॉल्व्हवर ऊस आणि भोपळा असेल तर भोपळ्याच्या लॅटरलला, म्हणजे ड्रिपच्या बारीक नळीला, वेगळी कॉक बसवून घ्या. तो खर्च सगळ्या औषधांपेक्षा कमी आहे.

पिवळं दिसतंय म्हणून युरिया किंवा १९:१९:१९ हे विद्राव्य खत सोडू नका. मूळ गार आहे, ते काही उचलत नाहीये. जमिनीत नत्र असूनही गार मूळ ते वर पाठवू शकत नाही, स्फुरदाचं तर आणखी कठीण. टाकलेलं खत मुळाभोवती साचून राहतं आणि कोवळी मुळं भाजतात. मातीत ऊब आली की जुनंच खत लागू पडतं आणि रोप आपोआप हिरवं होतं. धीर धरायचा म्हणजे हातावर हात ठेवून बसायचं नाही. खालच्या गोष्टी करायच्या.

मातीचा ताप घ्या

एक साधा काचेचा किंवा डिजिटल तापमापक घ्या, फिशटँकसाठी मिळतो तसा. शंभर-दोनशे रुपयांत येतो. पाच-सहा सेंटीमीटर खोलीवर खोचून सकाळी सातला वाचा. तीन दिवस लिहून ठेवा. सकाळी १८ किंवा त्याहून जास्त दिसलं तर थंडी तुमची मुख्य अडचण नाही. १५ ते १८ मध्ये रोप जगतं, पण रेंगाळतं. १५ च्या खाली सलग चार दिवस असेल तर मुळं थांबलेली आहेत, मग वरून काहीही फवारा.

हवेचा पारा बातम्यांत येतो. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याचं वाचलं की आमच्याकडे सगळे घाबरतात. पण हवा आणि माती एक नाहीत. महाबळेश्वर आमच्यापेक्षा सहा-सातशे मीटर उंच आहे. शिवाय आभाळ असलेली रात्र उबदार असते, ढग पांघरुणासारखे असतात. धोक्याची रात्र ती, जेव्हा दोन दिवसांच्या पावसानंतर आभाळ मोकळं होतं, वारा पडतो आणि चांदण्या स्वच्छ दिसतात. माती ओली, वर उघडं आकाश. सगळी ऊब निघून जाते. आवरण घालायचं असेल तर त्या संध्याकाळी पाचच्या आत घाला, माती दिवसाची ऊब धरून असतानाच.

पाचट आणि मल्चिंगचा रंग

ही चूक चांगले, कष्टाळू शेतकरी करतात, म्हणून जरा थांबून सांगतो. उसाचं पाचट आच्छादन म्हणून उत्तम आहे, मी स्वतः एक काडी जाळत नाही. पण जानेवारीत भोपळ्याच्या कोवळ्या रोपाभोवती पाचट घातलं तर ते ऊन मातीपर्यंत पोचू देत नाही आणि ओल उडू देत नाही. त्या हवेत नको असलेल्या या दोन्ही गोष्टी आहेत. रोपाभोवती दोन-अडीच फूट जागा उघडी ठेवा. पाचट बांधाला रचून ठेवा आणि मार्चच्या सुरुवातीला पसरा, तेव्हा त्याचं सोनं होतं.

मल्चिंग पेपर चंदेरी-काळा असेल तर थंडीत काळी बाजू वर घ्या. चंदेरी बाजू ऊन परतवते. ती उन्हाळ्यातल्या टोमॅटोला ठीक. पेपर लावणीच्या आठ दिवस आधी, वाफशावर आलेल्या गादीवाफ्यावर अंथरा. चिखलावर अंथरलेला पेपर ओल कोंडून ठेवतो आणि मग ती जायला वाट उरत नाही. गादीवाफा फूटभर उंच हवा. उंच वाफ्याला बाजूनंही ऊन लागतं आणि पाणी उतरतं. हे काम पुढच्या वर्षी करायचं म्हणून वहीत लिहून ठेवा, कारण रोप लावल्यावर वाफा उंच करता येत नाही. बुंध्याला माती चढवाल तर मान सडते. ट्रेमधला मातीचा गड्डा जमिनीच्या पातळीलाच बसला पाहिजे, एक बोटही खाली नको.

थंड हवा कुठं तुंबते?

एकाच शेतातली खालच्या टोकाची रोपं बसली आणि वरची धरली, तर रोगाचा विचार करण्याआधी उतार बघा. थंड हवा जड असते. ती रात्री पाण्यासारखी उतारानं वाहते आणि बांधाशी, ओढ्याकडेला किंवा उभ्या उसाच्या भिंतीशी तुंबते. नदीकडेचं काळं रान कसदार खरं, पण जानेवारीत भोपळ्याला तेच सगळ्यात गार आणि ओलं पडतं. माझी मोठी वेलं आता मी घराच्या वरच्या मुरमाड पट्टीत लावतो, पूर्वेकडून लवकर ऊन येणाऱ्या जागी. माती हलकी आहे, शेणखत दुप्पट घालावं लागतं, पण पहाटेच्या तापमापकात खालच्या रानापेक्षा ३ अंश फरक मी स्वतः मोजलाय.

पांघरूण

आता थोडा खर्च. कलिंगडवाले वापरतात तसलं न विणलेलं क्रॉप कव्हर, १७ ते २० जीएसएमचं (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचं), बांबूच्या कामट्यांच्या कमानींवर टाका आणि दोन्ही कडा मातीनं दाबा. रात्री आत एक-दोन अंश जास्त राहतात. आकडा छोटा वाटतो, पण ११ आणि १३ मध्ये रोपाला फरक पडतो. त्याहून मोठा फायदा असा की गार वारा अडतो, दव पानावर बसत नाही आणि भुंगेरे आत येत नाहीत.

साधं पांढरं प्लास्टिक जास्त ऊब धरतं, पण त्याला रोज माणूस लागतो. सकाळी नऊला एक बाजू उघडली नाही तर बारापर्यंत आत भट्टी होते. सुरुवातीला सांगितलेल्या पापडासारख्या पांढऱ्या कडा पुष्कळदा अशाच भाजलेल्या असतात, थंडीच्या नव्हेत. प्लास्टिकला चिकटलेलं पानही असंच करपतं. तुम्ही रोज शेतावर राहत नसाल तर कापडी कव्हरच घ्या.

कमानीखाली पाण्यानं भरलेले, बाहेरून काळे केलेले जुने कॅन ठेवले तर ते दिवसा तापतात आणि रात्रभर हळूहळू ऊब सोडतात. पाच-सहा रोपांसाठी हे फार चांगलं चालतं, एकराला नाही.

मादी फुलं दिसली की कव्हर दिवसा काढायचं. मधमाश्या आत आल्या नाहीत तर फळ धरणार नाही.

ट्रेमधली रोपं शेणाच्या ताज्या ढिगाच्या उबेवर ठेवायची जुनी पद्धतही चांगली आहे. ढिगावर चार बोटं माती, त्यावर फळी, फळीवर ट्रे. ताजं शेण रोपाच्या खड्ड्यात मात्र घालू नका. त्याची वाफ मुळं जाळते आणि हुमणीला घर मिळतं.

भोकं आणि पिळवटलेली पानं

बीजदलांना गोल भोकं असतील तर सकाळी सातला पानाखाली बघा. तांबडे भुंगेरे गारठ्यानं सुस्त असतात, हातानं वेचता येतात. दवावर राख धुरळली तरी दहा रोपांपुरतं भागतं. त्यांच्या अळ्या मुळात शिरतात, म्हणून दुर्लक्ष करू नका. पानावर पांढरी नागमोडी रेघ असेल तर ती नागअळी. एखाद-दुसऱ्या रेघेनं रोप मरत नाही. पिवळे चिकट सापळे लावा.

नवं पान पिळवटून पंख्यासारखं आलं असेल, तर आठवा: गेल्या पंधरा दिवसांत शेजारी उसात २,४-डी मारलं का? किंवा तोच पंप न धुता तुम्ही भोपळ्यावर वापरला का? भोपळावर्गीय पिकांना या तणनाशकाचा वाराही सोसत नाही. लोक याला व्हायरस समजून रोपं उपटतात, नाहीतर थंडीचा परिणाम समजून टॉनिक मारतात. यावर उतारा नाही. हलका झटका असेल तर दोन-तीन पानांनंतर सरळ पान येतं, तोवर थांबा. शेजाऱ्याशी भांडण करण्यापेक्षा लावणीच्या आधीच त्याला जाऊन सांगा, "दादा, या बाजूला भोपळा लावलाय, वारं असताना मारू नका." आमच्याकडे एवढ्यावर भागलंय.

मर लागलीच असेल तर

इथवर सगळं तपासून झालं, माती वाफशावर आणली, तरी रोपं आडवी पडतच आहेत, तर मग बुरशी. एक अर्धमेलं रोप मुळासकट उपटा आणि धुवा.

देठ पाणचट आणि मऊ आहे, बारीक मुळाची साल बोटांनी ओढल्यावर सुटून आत दोऱ्यासारखा गाभा राहतो, तर ही पिथियमची मर आहे. हिचे बीजाणू पाण्यात अक्षरशः पोहतात. म्हणूनच ती ओल्या सरीनं, पाणी जाईल तशी पुढं सरकते. यावर लोक कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक ओततात. ते पिथियमवर चालत नाही, कारण पिथियम ही खरी बुरशी नसून वेगळ्या कुळातली आहे. तिच्यासाठी मेटॅलॅक्सिल आणि मॅन्कोझेबचं मिश्रण वापरतात, पुडीवर लिहिलेल्या प्रमाणातच. रोग नुकताच दिसत असेल तर कॉपर ऑक्सिक्लोराइड १० लिटरला २५ ग्रॅम घेऊन बुंध्याशी आळवणी केली तरी पसरायचा थांबतो.

देठावर जमिनीलगत कोरडा, तपकिरी, खचलेला पट्टा असेल तर ती रायझोक्टोनिया नावाची बुरशी. तिथं कार्बेन्डाझिमला अर्थ आहे. ही ओळख चुकली की पैसा आणि आठवडा दोन्ही जातात.

आळवणी म्हणजेही पाणीच आहे. माती चिखलासारखी असताना केली तर रोगाला मदत होते. वाफसा येईपर्यंत थांबा. पडलेली रोपं भोवतालच्या ओंजळभर मातीसकट काढून शेताबाहेर न्या, सरीत टाकू नका. हातमोजे घाला, तोंडाला रुमाल बांधा.

ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी, चांगला, पण आधी. कुजलेल्या शेणखतात मिसळून पंधरा दिवस सावलीत मुरवायचा आणि लावणीच्या वेळी खड्ड्यात घालायचा. मर लागल्यावर, तीही गार मातीत, त्याच्याकडून अपेक्षा करू नका. त्यालाही ऊब लागते. तांब्याचं औषध आणि ट्रायकोडर्मा पाठोपाठ देऊ नका, पहिलं दुसऱ्याला मारतं.

इथं थांबा आणि माणूस बोलवा

काही वेळा मी स्वतः हात आवरतो आणि गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) फोन करतो, नाहीतर नमुना घेऊन बोरगावच्या कृषी विज्ञान केंद्रात जातो. सांगलीकडच्यांना कांचनपूरचं केंद्र आहे. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा नंबर मोफत आहे आणि तिथं मराठीत बोलता येतं.

आळवणीनंतर पाच दिवसांतही नवी रोपं पडत असतील, तर दुसरं औषध स्वतःच्या मनानं आणू नका. तीन-तीन बुरशीनाशकं एकत्र करून ओतलेली शेतं मी पाहिलीत. रोपं रोगानं नाही, त्या मिश्रणानं गेली. मोठ्या वेलाचा देठ उभा चिरल्यावर आतल्या शिरा तपकिरी दिसल्या तर हा मुळातून चढलेला रोग असू शकतो. तो ओळखायला प्रयोगशाळा हवी. पानावर हिरवे-पिवळे चट्टे, गाठी, पान आखडलेलं आणि शेजारी कोणी तणनाशक मारलेलं नाही, तर व्हायरसची शंका घ्या. त्यावर औषध नसतं. रोप काढायचं की ठेवायचं हे जाणकाराला ठरवू द्या.

आणि कृष्णाकाठचं रान असेल, उन्हाळ्यात वर पांढरा थर दिसत असेल, पानांच्या कडा दर वर्षी करपत असतील, तर अडचण थंडीची नाही, क्षारांची आहे. वाळवा-मिरज पट्ट्यात हे फार आहे. माती परीक्षणात क्षारता बघून घ्या. निचऱ्याच्या पाइपलाइनचं काम अंदाजानं करायचं नसतं. उतार आणि खोली मोजणारा माणूस लागतो, आणि पाणी शेवटी कुठं सोडायचं ते शेजाऱ्यांसह ठरवावं लागतं.

नमुना नेताना मेलेलं, सुकलेलं रोप नेऊ नका, त्यात दुसरीच बुरशी वाढलेली असते. अर्धं आजारी आणि एक निरोगी अशी दोन्ही रोपं मुळाभोवतीच्या मातीसकट वर्तमानपत्रात गुंडाळून न्या. प्लास्टिकच्या पिशवीत ती घामेजून सडतात. सोबत सांगा: बी कधी टाकलं, पाणी किती दिलं, काय काय फवारलं. लपवू नका.

पुन्हा लावायचं का?

मी प्रत्येक खड्ड्यामागे एक रोप ट्रेमध्ये जास्तीचं ठेवतो, दहा दिवस उशिरा टाकलेलं. पहिलं गेलं तर त्याच खड्ड्यात लगेच दुसरं लावत नाही. दीड-दोन फूट सरकून, ताज्या मातीत लावतो. लावण्याआधी चार-पाच दिवस ट्रे दिवसा उघड्यावर ठेवून पाणी थोडं कमी करतो. रोपवाटिकेच्या उबेतून थेट शेतात आलेलं रोप पहिल्याच गार रात्री बसतं, हे मी विकत आणलेल्या ट्रेवर शिकलो.

मोठ्या जातीचं बी ३१ जानेवारीनंतर टाकायचं नाही, असं मी ठरवलंय. त्यानंतर फळधारणा उन्हात सापडते. तोवर रोपं हाती लागली नाहीत तर त्या वाफ्यांवर घरचं डांगर लावा. त्याचं बी फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतं, तेव्हा मातीही सकाळी १८ च्या वर गेलेली असते, आणि मे महिन्यात घाऱ्यांपुरतं काय, बाजारापुरतंही फळ मिळतं.